डंकनसाहेबाचं तेरावं

मी आयुष्यात एका जिवंत माणसाचं दहावं-तेरावं केलेलं आहे. तेराव्याला तो माणूस स्वतः जेवायला हजर होता, आणि श्रीखंड त्याने दोनदा मागून घेतलं.

हा डंकनसाहेब स्कॉटलंडचा. आमच्या नंदुरबारला स्टेशनाजवळ कापसाचं जिन होतं, तिथल्या इंजिनावर तो फोरमन. पण ते नावाला. मूळचा तो फुटबॉलवाला, पुढच्या फळीत खेळून गोल मारणारा. विलायतेत म्हणे त्याने अर्धा देश पालथा घातला होता. आधी कोळशाच्या खाणीवाल्यांचा क्लब, मग बंदरावरच्या मासेवाल्यांचा, मग विणकरांचा, मग एका बिस्किटाच्या कारखान्याचा (तिथे जिंकलं की खेळाडूला बिस्किटांचा डबा मिळे, हरलं की फुटक्या बिस्किटांचा). मोसम-दोन मोसम खेळायचं आणि बिस्तरा गुंडाळायचा. पुढे बोटीत बसला, कलकत्त्याच्या तागाच्या गिरणीकडून खेळला, मुंबईत खेळला आणि गळत गळत आमच्यापर्यंत आला. प्रत्येक क्लबाबद्दल तो शेवटी एवढंच सांगे, "अच्छा क्लब था. फिर निकल गया." का निकल गया म्हणून विचारलं की गडी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसायचा. नाडी आधीच बांधलेली असायची.

आमची पथारी जिनाच्या भिंतीला लागून होती. पथारी म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं रान. मिरचीचा हंगाम नसला की तेच आमचं फुटबॉलचं मैदान. साहेबाने गावातली पोरंटोरं जमवून टीम काढली, तीत मी गोलकीपर. मी उंचीला बरा होतो म्हणून मला उभं केलं. पण उंच माणसाच्या दोन पायांमध्ये जागाही जास्त असते, हे साहेबाच्या लक्षात यायला वेळ लागला.

त्या साली माघात मिरची पथारीवर पसरली आणि एके सकाळी साहेब नाहीसा झाला. कुणाला सांगणं नाही, सवरणं नाही. खोलीत ट्रंक तशीच, भिंतीवर त्याचा फोटो तसाच. जिनवाले म्हणाले, येईल दोन दिवसांत. साहेब आला नाही, पण तिसरंच काहीतरी आलं.

दुपारी बाराला जिनाचा भोंगा व्हायचा. पथारीवरच्या बाया भाकरी सोडून सावलीला बसायच्या, सगळं रान चिडीचूप. अशा वेळी भिंतीवर धप्प असा आवाज येऊ लागला. थोडं थांबून पुन्हा धप्प. जसा कुणी एकटाच भिंतीवर बॉल मारतोय आणि परत आलेला पुन्हा मारतोय. बायांनी मान वळवून पाहिलं तर भिंतीपुढे कुणी नाही. नुसती मिरची पसरलेली, आणि वर ऊन.

दोन-तीन दिवसांनी आमची मुकादमीण जमना आबांसमोर येऊन उभी राहिली. आबा म्हणजे माझे वडील. जमना डोंगरातली भिल्लीण, वाघाला न घाबरणारी बाई. तिने शांतपणे सांगितलं, "पाटील, आम्ही काही येवाव नई. तठे कोणीतरी खेळी ऱ्हायना." तिथे कुणीतरी खेळतंय, एवढंच तिचं म्हणणं. आणि सगळ्या बायांना घेऊन ती निघून गेली.

आता ओली मिरची रोज खालीवर करावी लागते. नाही केली तर आतून वाफ धरते, काळी पडते, बुरशी चढते. आमचं वर्षभराचं घर त्या पथारीवर पसरलेलं होतं. बहिणीचं लग्न त्याच मिरचीवर ठरलेलं होतं. गावात दुसरे मजूर बघितले, तर ते भोंग्यापर्यंत थांबायचे आणि भोंग्यानंतर दिसायचे नाहीत.

तेव्हा मी, तरणाबांड गडी, मॅट्रिकपर्यंत शिकलेला (नापास, पण शिकलेला), म्हटलं हे भुताचं खूळ आपण मोडून काढू. भोंग्याच्या वेळी एकटा पथारीत जाऊन उभा राहिलो. वारा नव्हता. मिरचीची धग नाकात चढत होती. जिनाची भिंत नवीन चुन्याची, पांढरीफटक. धप्प! आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्या भिंतीवर माणसाच्या डोक्याएवढा गोल तांबडा डाग उमटला. मिरचीची पूड लागलेला बॉल आपटावा तसा. बॉल नाही, पावलं नाहीत, पसरलेली एक मिरची हललेली नाही. मग माझ्या ध्यानात आलं की भिंतीवर असे डाग पुष्कळ आहेत, आणि सगळे एकाच जागी. नेम फार सुंदर होता. एवढं पाहून मी घरी आलो. कसा आलो ते आठवत नाही. माय सांगायची की मी दार न उघडता आलो.

त्याच आठवड्यात प्रकाशाच्या भोयांना तापीत जाळ्यात साहेबाची टोपी सापडली. प्रकाशा म्हणजे आमची काशी, आमच्याकडची माणसं दहाव्याला तिथेच नेतात. माणूस बेपत्ता, टोपी तापीत, ती पण प्रकाशाला, आणि भिंतीवर रोज बॉल. आता आणखी काय पुरावा पाहिजे? गावाने एकमताने साहेबाला मृत ठरवलं.

आबांना मिरचीची काळजी होतीच, पण साहेबाचंही खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, एवढा मोठा माणूस, सात समुद्र ओलांडून आला, आणि त्याच्या नावाने पाणी सोडायला कुणी नाही. आपण करू. मग पिंड कोण देणार यावर चर्चा झाली आणि हळूहळू सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"पिंड तूच देशी," आबा म्हणाले. "नंदुरबारमा त्यानी जेवढा गोल मारात, तेवढा तुन्हावरच मारात. ऋणानुबंध तुन्हा शे."

प्रकाशाच्या घाटावर माझं डोकं आणि नुकती कुठे धरलेली मिशी, दोन्ही उतरली. गुरुजींनी मयताचं गोत्र विचारलं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं असतं, म्हणून डंकनसाहेब काश्यप गोत्राचा झाला. पिंड ठेवले आणि आम्ही कावळ्याची वाट पाहत मागे सरलो.

कावळे होते. पलीकडच्या पिंपळावर ओळीने बसले होते आणि टकमक आमच्याकडे बघत होते. शिवायला एक तयार नाही. बाजूला दुसऱ्या लोकांचे पिंड ठेवल्या ठेवल्या उचलले, आमचे तसेच.

"त्याना जीव कशामा तरी अडकेल शे," आबा कुजबुजले.

मग आम्ही हात जोडून बोलायला लागलो. साहेब, आम्ही धुळ्याच्या टीमला हरवू. कावळे गप्प. साहेब, कोळसेवाल्यांकडे तुमचा एखादा गोल हुकला असेल, तर मनाला लावून घेऊ नका. गप्प. मासेवाल्यांच्या नावाने हात जोडले, विणकरांच्या नावाने जोडले. माझ्या चुलत्याने तर बिस्किटंही आणून ठेवू म्हणून कबूल केलं. अख्खी विलायत आम्ही घाटावर उभी केली, पण कावळा हलला नाही. उन्हं चढली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि विधी झाला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि भिंतीवर धप्प झालं.

तरी तेरावं करणं भाग होतं. अंगणात पंगत बसली. साहेबाचा फोटो पाटावर, फोटोला हार, पुढे उदबत्ती. मी वाढत होतो. तेवढ्यात पंगतीचं एक टोक गप्प झालं, मग मधली माणसं गप्प झाली, मग सगळंच अंगण. दारात डंकनसाहेब उभा होता. उघड्या डोक्याने, अंगभर धूळ, डोळे खोल गेलेले. तो फोटोकडे बघत होता, आणि फोटो त्याच्याकडे.

गुरुजी पानावरून उठले ते थेट माळवदावर दिसले. माझ्या हातातलं श्रीखंडाचं पातेलं खाली पडलं नाही एवढीच माझी मर्दुमकी, कारण हात पातेल्याला चिकटून राहिले होते. फक्त माय जागची हलली नाही.

"आधी त्याना पाय दखा," ती म्हणाली. "सुलटा शेतंत का?"

पाय सुलटे होते. बुटात होते, पण सुलटे होते. मायने पाट मांडला, पान वाढलं, आणि साहेब दोन दिवसांचा उपाशी असल्यासारखा (तसा तो होताच) जेवला. आबांनी हळूच पुढे होऊन फोटोचा हार काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून स्वतःच्या गळ्यात घातला. टोपी तापी ओलांडताना होडीतून उडाली होती, एवढंच तिचं रामायण. साहेब नेहमीसारखा न सांगता निघाला होता. भडोचकडे दुसरं जिन आणि दुसरा क्लब बघायला.

तेवढ्यात भोंगा झाला. आणि साहेब आमच्या समोर मांडी घालून श्रीखंड खात असताना, पथारीकडून धप्प असा आवाज आला.

साहेबाचा हात पानावरच थांबला. मिरचीसारखा लाल माणूस, पांढरा पडला. मग त्याने आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमको भी सुनाई देता?"

आबांनी मान डोलावली. तेव्हा साहेबाने सांगितलं. त्याचा एक धाकटा भाऊ होता, विली. दोघं एकाच गिरणीत कामाला. दुपारच्या सुट्टीत विली गिरणीच्या भिंतीवर बॉल मारत बसायचा, तोही एकाच जागी. खरा खेळाडू तोच होता. विली लढाईत गेला आणि चिखलात कुठे तरी राहिला. मढंही सापडलं नाही. तेव्हापासून साहेब ज्या क्लबात जाई, तिथे थोड्या दिवसांनी दुपारी कुठली तरी भिंत वाजू लागायची. फक्त त्याला ऐकू यायची. वाजू लागली की तो क्लब सोडायचा. कोळसेवाले, मासेवाले, विणकर, बिस्किटवाले, कलकत्ता, मुंबई, सगळे त्याने असेच सोडले होते. आमच्याकडेही वाजली, म्हणून तो पळाला.

"भडोच में मैं रोज बारा बजे बैठा," तो म्हणाला. "विली नहीं आया. पहली बार नहीं आया. मेरे कू अच्छा नहीं लगा."

एवढं बोलून हा धिप्पाड माणूस खाली मान घालून रडायला लागला. जन्मभर ज्याच्यापासून पळत होता, तो मागे आला नाही म्हणून त्याला शोधत परत आला होता. मायने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "लेकराले कोणी माती बी दिन्ही नई. मंग तो कोठे जाई?"

आबा उठले. त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं होतं, आणि ते ठरवताना त्यांची नजर माझ्या डोक्यावर होती. डोक्यावर नुकते कुठे खुंट उगवले होते.

चारच दिवसांत प्रकाशाचा न्हावी मला ओळखून हसला. गुरुजींनी मात्र हसू दिलं नाही. यावेळी मेलेला खरोखर मेला आहे ना, हे त्यांनी साहेबाकडून शपथेवर वदवून घेतलं. गोत्र पुन्हा काश्यप. (भाऊच तो.) साहेबाला विधी ठाऊक नाही, म्हणून पिंड मीच ठेवला, मागे सरलो. पिंपळावर तेच कावळे, तेच बघणं. घाटावर पाण्याचाही आवाज नव्हता.

"सायेब, आते तुम्हीच सांगा त्याले," आबा म्हणाले.

साहेब पुढे झाला. आधी तो आपल्या बोलीत काहीतरी बोलला, ते आम्हाला कळलं नाही. मग, आम्हीही साक्षीला असावं म्हणून असेल, हिंदीत म्हणाला, "विली, मैं अब नहीं भागेगा. इदरीच रहेगा. इदरीच खेलेगा."

एक कावळा सरळ खाली आला आणि पिंड उचलून तापीवरून निघून गेला. आबांनी साहेबाच्या पाठीवर हात ठेवला. तो माणूस कावळा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि काहीच झालं नाही. जमना भिंतीजवळ जाऊन उभी राहिली, कान देऊन ऐकलं, आणि पदर खोचून मिरचीला हात घातला. थोडी काळी पडली होती, पण घर तरलं, बहिणीचं लग्न झालं. चुन्यावरचे डाग दोनदा पांढरं फासूनही गेले नाहीत.

साहेबाने शब्द पाळला. मरेपर्यंत नंदुरबार सोडलं नाही आणि पुढच्या फळीतली जागाही सोडली नाही. गुडघे गेले, दम गेला, नजर गेली, तरी हटला नाही. विलीला कबूल केलेलं, त्याला बाहेर बसवणार कोण? पुढे गोल होईना, मागे मी उभा, त्यामुळे दोंडाईच्यापासून धुळ्यापर्यंत आमची टीम मॅचेस हरत फिरली. लोक मला अजून विचारतात, एवढी वर्षं गोलकीपर होतात, एखादा तरी बॉल अडवला असेल की! अडवला ना. एकच अडवला, प्रकाशाच्या घाटावर डोकं भादरून. आणि तो मारणारासुद्धा आधीच मेलेला होता.