दादाचा सी फॉर्म

अकरा वर्षांनी भाऊ घरी आला आणि आल्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते तसंच झालं.

आमचं घर सुभानपुऱ्यात. बडोद्यात ज्याला टेनामेंट म्हणतात तसलं, खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि गच्ची. वडील रिफायनरीत होते, त्यांनी ते कर्ज काढून घेतलं. ते गेल्यावर घर आईच्या नावावर झालं. मी लग्न मोडून परत आलेली मुलगी. तेव्हापासून आईचं दुखणंखुपणं, घराची डागडुजी, गळणारी टाकी, सगळं माझ्याकडे. पण घराचं पुढे काय, हा विषय काढला की आई एकच सांगायची, "तो येणार आहे ना परत. त्याला विचारल्याशिवाय कसं?"

तो येणार, याचा तिच्याकडे पुरावा होता. वडिलांच्या तेराव्याला दादाने तिचा हात धरून सांगितलं होतं की ऑस्ट्रेलियात कितीही वर्षं राहिलो तरी तिथला पासपोर्ट मी घेणार नाही. हे तिने सगळ्या सोसायटीला सांगून झालं होतं. शेजारच्या बेनचा मुलगा कॅनडाचा नागरिक झाला तेव्हा आई तिची समजूत घालायला गेली, आणि येताना तोंडभर हसत आली. आमच्या पणजोबांनी संस्थानाच्या फौजेत चाकरी केली, आमच्यात माणसं मीठ विसरत नाहीत, असं ती मला पोळ्या लाटता लाटता ऐकवायची. मीठ मी कालवत होते, पण ते असो.

तर दादा आला. दोन महिने राहणार म्हणाला. दोन महिने! यापूर्वी तो बापाच्या मरणालाही तेराव्याच्या पुढे थांबला नव्हता. माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली.

कमरेला त्याच्या एक पाऊच होतं. जेवताना कमरेला, झोपताना उशीखाली, आंघोळीला जाताना बाथरूमच्या खुंटीला. मी एकदा सहज म्हटलं, "दादा, घरात कोण चोर आहे रे?" तर हसला आणि पाऊच शर्टाखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन भिंतींना हात लावून बघत होता. मला विचारतो, "इथे गळतं का गं अजून?" मग बाहेर जाऊन दारावरच्या नंबराचा फोटो काढला. इकडे भाव काय चाललाय, हेही त्याने विचारलं, तेही मला नाही, कोपऱ्यावरच्या दुधाच्या डेअरीवाल्याला. डेअरीवाल्याने मला सांगितलं, कारण डेअरीवाले सगळं सांगतात.

त्या दिवसापासून आईच्या कपाटाची किल्ली माझ्या पदराला आली.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीकाकांचा मेसेज पडला. ज्यांच्याकडे परदेशी पाहुणे उतरले असतील त्यांनी चोवीस तासांत ऑनलाइन सी फॉर्म भरावा, हयगय केली तर मालकावर येईल. दुसऱ्या एका सोसायटीत पोलीस येऊन गेले होते म्हणे. मी तिथल्या तिथे उत्तर टाकलं, "अमारे त्यां कोई नथी." आमच्याकडे कोणी नाही, असं टाकलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं. आई म्हणाली, "आपल्याकडे कुठला फॉरेनर येतोय!" आणि हसली. दादा हसला नाही. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. मला वाटलं, याला माझा आवाजच खुपतोय.

त्यानंतर त्याचं चोरून बोलणं सुरू झालं. मी भाजी घेऊन आले की आई आणि तो एकदम गप्प. एकदा दारातूनच ऐकलं, तो विचारत होता, "आई, वेराबिल कुठे ठेवतेस? आणि लाइटबिल?" वेरा म्हणजे घरपट्टी. घरपट्टीची पावती, विजेचं बिल, हे कागद माणूस कशाला शोधतो? घर विकायला किंवा नावावर करून घ्यायला. तिसरं कारण मला सुचलं नाही. सुचवून घ्यायची इच्छाही नव्हती.

"कशाला हवंय?" मी आत जाऊन विचारलं.

"असंच. बघायचं होतं," तो म्हणाला.

"वेराबिल कोणी असंच बघत नाही, दादा."

"अगं दे ने त्याला," आई म्हणाली. "त्याच्या बापाचं घर आहे."

हे वाक्य माझ्या काळजात घुसलं. मी किल्ली दिली. मग आत जाऊन वाटाणे सोलत बसले आणि ते इतक्या रागाने सोलले की निम्मे जमिनीवर गेले. पन्नाशी उलटून गेलेली बाई, आणि या वयात मला भाड्याच्या खोलीची भीती वाटत होती. हरणीला की गोरव्याला, कुठे परवडेल, याचा हिशेब मी मनात सुरू केला होता.

त्याच दुपारी आईचा फोन वाजला. तिचा फोन मीच सांभाळते, कारण तिला अक्षर दिसत नाही. बघते तर ओटीपी. सहा आकडे, आणि खाली तेच, कोणालाही सांगू नका. मी काही मागवलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत दादा लॅपटॉप उघडून बसला होता, शेजारी फाइल. दोन मिनिटांनी तो बाहेर आला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आईच्या फोनवर एक नंबर आला असेल. सांगतेस जरा?"

आता खरं सांगते. त्या क्षणी मी त्याला बाजूला घेऊन विचारू शकले असते. आई झोपाळ्यावर बसून गहू निवडत होती, मागच्या दाराशी जाऊन मी हळू आवाजात बोलले असते तर तिला कळलंही नसतं. पण मला ते हळू बोलायचंच नव्हतं. तिचा लाडका मुलगा तिच्या डोळ्यांदेखत पकडला जावा, हे मला हवं होतं. किती वर्षं हवं होतं!

"आईच्या नावावर काय करतोयस तू?" मी ओरडले. "तिचा नंबर, तिचं आधार, तिचं वेराबिल! घर घशात घालायला आलायस ना? सांग तिला तोंडावर!"

"हळू बोल," तो म्हणाला. "प्लीज. मी तुला नंतर सांगतो."

"नंतर कशाला? आत्ता!" आणि मी आत जाऊन ती फाइल उचलली आणि आईच्या मांडीवर, गव्हाच्या ताटात उलटी केली. लाइटबिल पडलं. वेराबिल पडलं. आईच्या आधारची झेरॉक्स पडली. आणि त्याच्या पाऊचमधली ती वस्तू, एक पासपोर्ट, गव्हात पडला.

दादा खाली बसला. उभा होता तिथेच, जमिनीवर.

"घराचं काही नाही गं," तो मला म्हणाला. "सी फॉर्म भरत होतो. मीच भरत होतो, तुम्हाला त्रास नको म्हणून. घराच्या मालकाच्या नावाने भरावा लागतो. ओटीपी मालकाच्या फोनवर येतो, हे मला माहीत नव्हतं."

मला अजूनही कळलं नव्हतं. इतका माझा संशय पक्का होता. आईला मात्र कळलं. तिने पासपोर्टावरचे गहू झटकले, तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि वरच्या चित्रावरून अंगठा फिरवला.

"हे कुठलं जनावर?" तिने विचारलं.

"कांगारू," दादा म्हणाला.

"आणि हा?"

"इमू. पक्षी आहे."

"कधी घेतलास?"

"चार वर्षं झाली. नोकरीसाठी लागलं, आई. तुला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. समोर सांगेन म्हणून आलो, आणि समोर आलो तर तू शेजारच्या बेनला घेऊन आलीस मला दाखवायला."

आई रडेल, त्याला बोलेल, निदान मला बोलेल, म्हणून मी वाट पाहत होते. ती गहू पुन्हा ताटात गोळा करत राहिली, एकेक. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय नंबर आलाय तो सांग त्याला. उशीर झाला तर सरकार विचारील."

तोपर्यंत नंबरची मुदत संपली होती. पुन्हा मागवावा लागला. दादा भरत होता आणि आई हटून बसली की प्रत्येक ओळ मला वाचून दाखव. येण्याचं कारण? पर्यटन, तो म्हणाला, व्हिसावर तसंच आहे. मुक्काम किती? साठ दिवस. कायमचा पत्ता? त्याने तिथला पत्ता सांगितला, लांबलचक, आईला एक शब्द कळला नसणार. ती प्रत्येक ओळीला "हं" म्हणत होती, डॉक्टर औषधं समजावतात तेव्हा म्हणते तसं.

मला माफी मागायची होती. कोणाची आधी मागावी ते ठरेना, म्हणून मी चहा टाकला. तो तिघांनीही घेतला नाही.

पुढचे तीन दिवस घरात सगळे अगदी नीट वागले. आईने दादाला आवडते म्हणून सुरळीच्या वड्या केल्या. त्याने गच्चीची गळती बुजवायला माणूस आणला, त्यासाठीच तो भिंती बघत होता, आणि दारावरच्या नंबराचा फोटो त्याला पत्ता बिनचूक लिहायला हवा होता. डेअरीवाल्याला भाव विचारला तो तुपाचा होता. एकेक गोष्ट अशी उलगडत गेली आणि मी एकेकीला लाजत गेले. पण तरीही, आतल्या कोपऱ्यात, माझं एक मन हिशेब मांडत होतं की आता तो परत येणार नाही, हे आईला कळलंय. आता ती घराचं बोलेल. असं आहे माझं मन. लपवून काय करू?

चौथ्या दिवशी सकाळी, दादा जेवायला बसला असताना, चौकीवरून एक हवालदार आला. तरुण होता, नम्र होता, चपला बाहेर काढून आत आला. फॉर्म आला होता, घर एकदा बघून जायचं होतं, एवढंच. हातात कागद होता.

"माजी, तमारे त्यां फॉरेनर कोण रोकायुं छे?" परदेशी कोण उतरलंय, हे त्याला हवं होतं.

मी उत्तर द्यायला पुढे झाले, पण आई आधीच उठली होती. तिने ताटावर बसलेल्या दादाकडे बोट दाखवलं.

"आ भाई. बे महिना माटे आव्या छे." हे भाई, दोन महिन्यांसाठी आलेत, अशी ती परक्यासारखी बोलली.

हवालदाराने कागदावर खूण केली. घर तुमचंच ना, त्याने विचारलं.

"नाम मारुं छे," आई म्हणाली. "घर मारी दीकरीनुं छे." दीकरी म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

त्याने दादाकडे पाहिलं, मग आईकडे. दोघांचं नाक एकसारखं आहे, कोणालाही दिसेल. "आ भाई तमारे शुं थाय, माजी?" तुमचे कोण लागतात, एवढंच त्याने विचारलं.

आईने डोळ्यांचं पाणी पदराने पुसलं, पण आवाज अगदी स्वच्छ होता.

"महेमान छे."

दादाने हातातला घास ताटात परत ठेवला. अकरा वर्षं जे ऐकायला मी टपून बसले होते ते मी ऐकलं होतं, हवालदारासमोर, स्पष्ट शब्दांत. मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. पण ती बोलून चुकली होती, आणि हवालदार ते लिहून घेत होता.