वर तोंड केलेले दिवे

आज सुरतेत एका गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलला जादा दिवे बसवताना वायर तापल्याचा वास आला, आणि मी मनाने थेट अमळनेरला, नानांच्या गॅरेजात पोचलो.

आठवीत शाळा कायमची सुटल्यावर नानांनीच मला हाताशी धरलं होतं. एका संध्याकाळी एका जीपवाल्याने गंमत म्हणून समोरून मोठे लाइट मारले, तसे माझे वडील, आबा, मोटारसायकलसकट बाभळीत पडले. तो हसत निघून गेला. दुसऱ्याच दिवशी मी आबांच्या गाडीला दोन दिवे लावले, तोंडं वर करून. त्याच्या डोळ्यांतच घुसायला हवेत असे.

नानांनी ते दिवे पाहिले. अंधारू लागलं तशी त्याच गाडीवर मला मागे बसवून धुळे रस्त्याला निघाले. लिंबाचे शेंडे लख्ख उजळले, रस्ता मात्र काळाच. आम्ही धाडकन खड्ड्यात.

"डोया त्याना फुटतीन, नि हाडकं तुना!" नाना कंबर चोळत हसले आणि दिवे खाली वळवले.

नानांमुळेच आज पोट भरतं. समोरून उजेड आला की अजून गाडी कडेला घेतो. मी दिवे खालीच वळवतो, पण शेवटचा नट आवळताना पान्ह्यात त्या जीपवाल्याची मान असते.