कावळ्याची बाजू

"आधी त्याचं, मग आपलं," असं म्हणत समोरचे काका भाकरीचा पहिला चतकोर मोडायचे आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवायचे. हाक नाही, टाळी नाही. कावळे आधीच येऊन बसलेले असायचे.

गारखेड्यात आमच्या समोरच त्यांचं घर. दवाखान्यात ड्रेसर होते, पट्ट्या बांधता बांधता निवृत्त झाले. काकू गेल्यावर घरात एकटेच. मी शेंद्र्याला कंपनीत नोकरीला. सकाळी बस यायच्या आत कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची, तेवढ्यात आमचं बोलणं व्हायचं. काका इथं नवीन राहायला आले तेव्हा मी विचारलं होतं, काका, मुलंबाळं किती? "कुणी नाय," म्हणाले आणि रिकामी ताटली घेऊन खाली गेले.

काकांना पक्ष्यांचा अभ्यास वगैरे काही नव्हता. बायबलात भेटलेले पक्षी त्यांना गावाकडच्या नातेवाइकांसारखे वाटायचे, एवढंच. पारवे उतरले की म्हणत, हे नोहाचे लाडके. कावळ्यांची बाजू मात्र ते वकिलासारखी मांडत. एलीया संदेष्टा ओढ्याकाठी लपून बसला होता तेव्हा देवानं त्याला भाकरी पाठवली ती कावळ्यांच्या हाती, हंसाच्या किंवा मोराच्या नाही, हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं असेल.

आता आमच्या गल्लीची गंमत ऐका. वर्षभर कावळ्याला हाकलणारी आम्ही माणसं पितृपक्षात पान वाढून गच्चीवर ताटकळत उभी राहायचो, आणि कावळे सगळे काकांच्या कठड्यावर. शेवटी एकेक जण आपल्या पितरांचं पान घेऊन ख्रिस्ती माणसाचा जिना चढू लागला. काका सरकून जागा करून देत. गोष्ट त्यांच्या चर्चच्या पाळकांपर्यंत गेली, त्यांनी विचारणा केली. काका म्हणाले, माणसं ज्याची त्याची येतात, कावळे देवाचे येतात, मी फक्त जिन्याचं दार उघडं ठेवतो.

एका वर्षी माझ्या आईच्या पानाला कावळा शिवेना. माणसाची इच्छा राहिली असली की असं होतं, हे मी काकांना समजावलं. मग मी हात जोडून पुटपुटले, आई, धाकट्याकडं मी बघीन. थोड्या वेळानं एक कावळा पुढं आला आणि त्यानं भात उचलला. मी डोळे पुसले. काका माझ्याकडं बघतच राहिले.

"इच्छा राहिली की शिवत नाय?"

"आमच्यात असं मानतात."

दोन दिवसांनी मागच्या वस्तीतला कोंबडा आरवला आणि भाकरी मोडणारे काकांचे हात थांबले. त्यांनी मला पेत्राची गोष्ट सांगितली. प्रभूला धरून नेलं त्या रात्री पेत्र भ्याला, मी याला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला, आणि कोंबडा आरवताच ढसाढसा रडला.

"ताई, तुम्हाला मी कुणी नाय म्हणलो व्हतो. एक पोरगी हाय."

पोरीनं आपल्या मनानं, समाजाबाहेर लग्न ठरवलं होतं. काकांनी दारात उभं राहून तिला सांगितलं, जा, पण परत येऊ नको. त्याला नऊ वर्षं झाली होती. काकू गेल्या तेव्हाही यांनी कळवलं नाही. नंबर वहीत लिहिलेला होता. मी म्हटलं, मी लावते फोन. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"मीच येऊ नको म्हणलो. आता कंच्या तोंडानं बोलवू?"

मग तारवाची गोष्ट निघाली. नोहानं पुराच्या पाण्यावर पहिल्यांदा कावळा सोडला, तो काही तारवात परतला नाही. नंतर सोडलेला पारवा चोचीत हिरवं पान घेऊन आला आणि सगळं कौतुक पारव्याचं झालं.

"कावळा पळून नव्हता गेला. म्हाताऱ्यानंच त्याला खिडकीतून सोडला. त्याचं पुढं काय झालं, कुणी इचारत नाय," काका म्हणाले. मग म्हणाले, "चिमणी पडली तरी आभाळातल्या बापाला खबर असती म्हणत्यात. मला माझ्या पोरीची नाय."

बस चुकेल म्हणून मी खाली उतरले. अजून त्याची लाज वाटते.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी कावळ्यांनी फार कालवा केला. कठड्यावर भाकरी नव्हती. आम्ही दार उघडून आत गेलो तेव्हा काका खाटेवर शांत पडलेले होते, परातीत पीठ काढून ठेवलेलं. वहीतला नंबर मीच लावला. पलीकडून तिनं सगळं ऐकून घेतलं, बरं झालं कळवलंत, म्हणाली. मातीला ती आली नाही. मला तिचा राग येत नाही. बापाचा शेवटचा शब्द तिनं पाळला.

पितृपक्षात त्यांच्या जिन्याला कुलूप होतं. मी आमच्याच कठड्यावर आईचं पान वाढलं आणि शेजारी, कुणाला न सांगता, एक चतकोर भाकरी ठेवली. त्यांच्यात हे चालत नाही, मला ठाऊक आहे. पण काकांची इच्छा राहिली होती, हेही मलाच ठाऊक होतं.

मी हात जोडायच्या आतच कावळे उतरले आणि थेट भाकरीवर पडले. दर वर्षी शिव रे बाबा म्हणून विनवणारी मी, दोन्ही हातांनी त्यांना अडवत म्हणाले, "थांबा जरा. इतक्यात नका शिवू."