काकूंच्या कपाळावरचा खड्डा

नवं कटर हातात आलं की तो आधी त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहायचा. मग म्हणायचा, "घाई लाकडात दिसते, भैया." स्वतः मात्र चहासुद्धा उभ्याउभ्या घशात ओतायचा!

समता कॉलनीत माझं फ्रेमचं दुकान, शेजारी त्याचं कोरीवकामाचं. रायपूर राजधानी झालं, बंगले उठले आणि जो तो नक्षीचा दरवाजा मागू लागला. याचा जीव मात्र फोटोंत. फोटो दिला की याचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन सागाच्या फळीवर चेहरा कोरायचं. उजळ ते वर, काळं ते खोल, एवढंच त्या मशीनला कळतं. कटर कोणतं, खोली किती, चाल किती, ते ठरवायचं यानं. "जाड्या कटरनं म्हातारे जवान होतेत," हा हसायचा. "सुरकुतीत शिरतच नाही ना थे."

मागच्या गल्लीतल्या काकू वारल्या. रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांची बायको. आई गेल्यापासून हा पोट्टा त्यांच्याच हातचं जेवून वाढलेला. वर्षश्राद्धाला त्यांचा चेहरा कोरायचा म्हणून गड्यानं सुईसारखं बारीक कटर मागवलं. "काकूची एकबी सुरकुती सोडणार नाही मी."

नाहीच सोडली. पण काकूंचं कुंकू ठसठशीत, आणि ब्लॅक-अँड-व्हाइट फोटोत ते काळं. जाडं कटर तेवढ्याशा जागेत खोल जायचंच नाही, म्हणून आजवर निभावलं होतं. हे बारीक कटर थेट तळाला गेलं. कपाळाला भोक!

श्राद्ध तोंडावर आलेलं. यानं भुसा आणि सरस कालवून खड्डा बुजवला, वरून पॉलिश मारलं आणि कोणाजवळ बोलला नाही.

श्राद्धाच्या सकाळी हार घालायच्या आधी काकांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. सरस अजून वाळला नव्हता; बुजवलेलं सगळं फडक्यावर आलं. मी तिथंच होतो. अरे देवा, याची मान जी खाली गेली! काकांनी खड्ड्याकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं. मग कुंकवाचा करंडा मागवला आणि बोटानं खड्डा भरला. "अहेव गेली माही बायको," एवढंच म्हणाले.

पुढे रोज अंघोळीनंतर काका तो खड्डा भरू लागले आणि हा त्यांची गल्ली टाळू लागला. एकदा मी चिडलोच. "काहून तोंड लपवून राहिला बे? शब्दानं तरी दुखवलं का त्यांनी तुले?"

"थेच तं, भैया. चूक मशीनवर खपली असती. पण काकूच्या कपाळात भुसा भरला मी. शिव्या देल्या असत्या तं सुटलो असतो."

शेवटी कुंकवाची जागा फोटोत आधीच उजळ करून त्यानं दुसरी पाटी कोरली. मला सोबत घेऊन गेला. काकांनी त्या कपाळावरून बराच वेळ हात फिरवला. "बढिया झाली रे. पण इथं बोट कुठं टेकवू मी?"

पाटी काखेत मारून हा तसाच परतला. रस्ताभर डोळे पुसत होता. थोड्याच दिवसांत दुकान बंद करून शहराबाहेर उरला गावच्या कारखान्यात लोखंडी पत्रे कापायच्या कामाला लागला. "तिथं चेहरे नाही," म्हणाला.

दुसरी पाटी माझ्याकडेच राहिली. गिऱ्हाईकं तिच्यासमोर थबकतात, कोणी कोरली म्हणून विचारतात. मी गप्प बसतो. जाताना त्यानं मला शपथ घातली होती, "माहं नाव कोणाले सांगू नको, भैया. लाज वाटते."

म्हणून तुम्हालाही सांगितलं नाही.