यशवंतपूरच्या फाटकातला जप

शेजारचे उपेंद्रभावजी मला आधी फार देवभक्त वाटले, आता हसू येतं. यशवंतपूरच्या फाटकात मालगाडी जाताना ते पुटपुटायचे, मला वाटायचं जपच. कसला जप, डब्यांच्या नंबरांना सातानं भाग जातो का बघायचे.

बासष्टच्या एका रविवारी कॉफी कोण दळणार यावरून त्यांचं बायकोशी, प्रेमाशी, वाजलं. ते म्हणाले, "तू सहा आकडी संख्या लिही. सातानं भाग गेला तर तू दळ, नाही गेला तर मी."

प्रेमानं कंटाळून उंबऱ्यापाशी रांगोळीनं २५७ दोनदा लिहिलं, २५७२५७.

"जातो," भावजी लगेच म्हणाले. "तेच तीन आकडे पुन्हा आले की सात, अकरा, तेरा, तिघांनीही जातो."

प्रेमानं रांगोळीनंच भागाकार केला. बाकी शून्य.

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणत तिनं बिया घेतल्या.

"स्वल्प, जरा बारीक दळ," भावजी म्हणाले.