डफडं आमच्या फाटकावरून पुढे गेलं

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं आलात, तेव्हा भिंतीपलीकडच्या आजोबांना हाक मारलीत आणि ते खुर्ची उचलून आत गेले. त्यांना कमी ऐकू येतं का, असं धाकटीने विचारलं. त्यांना चांगलं ऐकू येतं. मी तेव्हा विषय बदलला, कारण तुमचे बाबा तिथेच बसले होते. आता क्रमाने लिहिते. हे आईकडून वाचून घ्या.

आमच्या भागाला इथे लेआउट म्हणतात. पूर्वी पऱ्हाटीचं वावर, म्हणजे कापसाचं शेत होतं. चुन्याच्या रेघा मारून त्याचे प्लॉट पाडले आणि आमच्यासारख्या पेन्शनरांनी त्यावर घरं बांधली. तुमचे आजोबा गेल्यानंतर गावाची नगरपंचायत झाली. घरपट्टी वाढली, तिला पाणीपट्टी चिकटली, आणि माणसं येऊन प्रत्येक अंगणात नळाची तोटी बसवून गेली. तोटीतून पाणी काही आलं नाही. उन्हाळ्यात टँकर यायचा आणि पावसाळ्यात त्याच रस्त्यावर चपला हातात घेऊन चालायचं.

शेजारचे आजोबा एसटीत कंडक्टर होते. राळेगावकडच्या शेतकरी घरातले. लेआउटमध्ये सगळे त्यांना कंडक्टरच म्हणतात, मी भाऊ म्हणते. त्यांची बायको मला ताई म्हणायची. दुपारचा चहा ती आमच्याकडे घ्यायची आणि कप स्वतः विसळून पालथा घालून जायची.

मारुतीच्या ओट्यावर बैठक झाली. पाणी आणि रस्ता मिळेपर्यंत कर भरायचा नाही, असं ठरलं. भाषणं बरीच झाली, पण लक्षात राहिलं ते कंडक्टरांचं. ते उठून म्हणाले, "गाडीच नाई आली तं तिकीट कायचं?" आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवेदन मी लिहिलं. सह्या करताना पेनासाठी झोंबाझोंबी झाली.

कॉलेजात इंग्रजी शिकवताना कर नाकारण्याचे धडे मीही शिकवले होते. त्या धड्यांत सरकार परकं असतं आणि माणसं शेवटपर्यंत एकत्र असतात. इथलं सरकार म्हणजे एक वसुली लिपिक होता, ज्याला इंग्रजीत मी कसंबसं पास केलं होतं. आणि माणसं म्हणाल तर पोळ्याच्या आतच गळायला लागली. एकाला वरचा मजला बांधायची परवानगी हवी होती. एकाच्या सुनेला नगरसेवक व्हायचं होतं. बैठकीत ज्याचा आवाज सगळ्यात मोठा होता, तो सगळ्यात आधी मागच्या रस्त्याने जाऊन भरून आला. हीच मंडळी मग वाटेत थांबवून आम्हाला शाबासकी द्यायची. तुम्ही दोघं आहात म्हणून लेआउटची इज्जत आहे, असं म्हणायची. शाबासकीला पैसे पडत नव्हते.

शेवटी खरोखरच दोघं उरलो, मी आणि कंडक्टर.

मग बातमी आली की नगरपंचायत आता बाकीदाराच्या दारासमोर डफडं वाजवणार आणि माइकवरून नाव पुकारणार. स्टँडजवळच्या वॉर्डात असं करून झालं होतं. लोक चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन पाहायला गेले होते. कंडक्टरांच्या मुलीचं, म्हणजे नर्स आहे तिचं, साक्षगंध तेव्हा ठरलं होतं आणि घरीच व्हायचं होतं. इथे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. मी त्यांना सांगितलं की भाऊ, तुम्ही भरून टाका, मुलीचं कार्य आहे, मी एकटी पुरेशी आहे.

"तुम्ही भरून राह्यल्या काय?" त्यांनी विचारलं.

नाही, असं मी म्हटलं.

"मंग मले काहून सांगता?"

तेव्हा आमचं असं ठरलं की डफडं आलं तर दोघांनी आपापल्या फाटकात उभं राहायचं. मी वाजवणाऱ्यांना चहा देणार, ते बसायला खुर्च्या देणार. लाज वाटून घ्यायचीच नाही, म्हणजे वाजवणारेच कंटाळतील. त्यांची बायको म्हणाली की ताई सोबत आहे तर मले भेव नाही. ती कंडक्टरांपेक्षा जास्त माझ्यावर विसंबली होती.

डफड्याबद्दल तुम्हाला एक माहीत हवं. माझ्या आजोबांकडे गावकी होती. शेतसारा भरायची वेळ आली की गल्लोगल्ली डफडं वाजवून दवंडी द्यायची, हे आमच्या घराचं काम. ज्या गावाला ते हाक देत, त्या गावाच्या विहिरीवर त्यांना जाता येत नसे. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत पाणी. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्या संध्याकाळी त्यांनी डफडं चुलीत घातलं. कातडं जळताना घरभर घाण वास सुटला, तरी कोणी बाहेर गेलं नाही, असं आई सांगायची. त्यानंतर आमच्या घराने डफड्याला हात लावला नाही. मी इंग्रजी शाळेत गेले ती त्या चुलीतून.

म्हणून आता तेच डफडं सरकार माझ्या दाराशी घेऊन येणार, याची मला गंमत वाटत होती. व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांना मी हे हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. लोक काय म्हणतील, एवढंच विचारलं. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं म्हणूनच हे करतेय, असं मी म्हटलं. मग तुमच्यापैकी कोणी तरी मध्ये तोंड घातलं आणि विषय तिथेच राहिला.

डफडं आलं ते नेमकं साक्षगंधाच्या दिवशी. लिपिकाला तारीख माहीत होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी सकाळीच अंगण धुऊन कप मांडून ठेवले होते. गल्लीच्या तोंडाशी दोन वाजवणारे आणि माइक घेतलेला लिपिक दिसले, आणि त्यांच्या मागोमाग पाहुण्यांची गाडी येऊन थांबली.

पाहुण्यांना वाटलं, वाजंत्री आपल्यासाठी आहे.

खाली उतरले तेच तालात. नवऱ्या मुलाचे मामा, चांगले पोट सुटलेले गृहस्थ, खांदे उडवत डफड्यापुढे नाचायला लागले. त्यांनी नोट काढून वाजवणाऱ्याच्या डोक्यावरून ओवाळली आणि त्याच्या खिशात खोचली. वाजवणाऱ्याला असा मान कशाला मिळतोय ते कळेना, पण त्याने हात जोरात चालवला. गच्च्यांवर माणसं जमली होती. ज्यांनी भरलं होतं ती सगळी होती. एकानेही खाली उतरून पाहुण्यांच्या कानात सांगितलं नाही. काही जण मोबाइलवर शूटिंग करत होते.

मिरवणूक माझ्या फाटकाशी आली. मी ट्रे घेऊन उभी होते. ती थांबली नाही. मी हाक मारून लिपिकाला सांगितलं की आधी इथे वाजवा, पहिलं घर माझं आहे.

तो आदबीने जवळ आला. माजी विद्यार्थी होता. म्हणाला, "तुमच्याकडे नाही वाजवायचं, म्याडम. तुमचा भरणा आला ना परवा. ऑनलाइन."

माइक त्याच्या हातात चालूच होता. सगळ्या गल्लीने ऐकलं. पलीकडच्या फाटकात कंडक्टर नवा सदरा घालून पाहुण्यांच्या स्वागताला उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"म्याडम, तिकीट काढलं काय तुम्ही?"

माझ्या हातात ट्रे होता आणि मला काहीच माहीत नव्हतं. मी उत्तर देण्याआधी लिपिकाने त्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, पुकारलं आणि बाकी किती वर्षांची ते सांगितलं. मामांचा हात वरच राहिला. मग त्यांनी तो खाली आणला आणि वाजवणाऱ्याला म्हणाले की नोट परत दे. त्याने दिली.

पाहुणे घरात गेले, पाणी प्यायले आणि मुलाच्या आजीला बरं नसल्याचं त्यांना आठवलं. अंगठी ज्या डबीतून आली त्या डबीतून परत गेली. केलेली बुंदी टाकवेना म्हणून कंडक्टरांच्या बायकोने ती घरोघर पोचवली. गच्चीवरच्या मंडळींनी ती खाल्ली. आमच्या घरी ती आली नाही.

मी तुमच्या बाबांना फोन केला. तुमच्या तिकडे तेव्हा सकाळ होती, तुम्ही शाळेला निघाला होतात, मागे तुमचा गोंधळ ऐकू येत होता. ते म्हणाले की तुला त्रास नको म्हणून भरलं. मग जरा चिडून म्हणाले, "पणजोबांनी जे चुलीत घातलं, ते आपल्या दारात वाजू द्यायचं?"

मी म्हटलं, "माणूस मेल्यावर त्याचा कर वारस भरतात. तू थोडी घाई केलीस."

नंतर त्यांनी इथे ऊन किती आहे ते विचारलं.

मी कार्यालयात गेले. माझा भरणा रद्द करा आणि माझ्या दारात वाजवा, असं लिपिकाला सांगितलं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने खुर्ची दिली. भरलेलं परत होत नाही, आणि मुलाने पुढचंही आगाऊ भरून ठेवलंय, असं तो म्हणाला. म्हणजे यापुढे कितीतरी वर्षं मला नाही म्हणायचीही सोय उरली नाही.

कंडक्टरांकडेही गेले. त्यांनी फाटकातच ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाले, "पोरानं भरलं म्हणता. असंन. माह्यावालं भरणारं कोणी नाई तिकडे." आणि कडी लावली.

त्यांनी आजतागायत भरलेलं नाही. मुलीचं लग्न मोडलं, ती नागपूरच्या एका दवाखान्यात निघून गेली, सणालाही क्वचित येते. नगरपंचायतीने त्यांचं नळाचं कनेक्शन कापलं. ज्या तोटीतून एकदाही थेंब आला नव्हता ती काढून न्यायला चार माणसं आली होती, आणि लोक याच्यावरही हसले. पुढच्या थंडीत पाइपलाइन खरोखर आली. आता चार-पाच दिवसांआड सगळ्या लेआउटला पाणी येतं, त्यांना सोडून. गच्चीवरची मंडळी सांगतात की आपलं आंदोलन यशस्वी झालं. रस्त्याच्या उद्घाटनाला त्यांनी मला हार घातला. कंडक्टरांना बोलावणं नव्हतं.

नळाच्या दिवशी मी रबरी पाइप भिंतीवरून पलीकडे टाकते. सुरुवातीला कंडक्टर तो नीट गुंडाळून माझ्या बाजूला परत ठेवायचे. एका दुपारी ते स्टँडवर गेलेले असताना त्यांची बायको बाहेर आली. एका हातात प्लास्टिकची बादली, दुसऱ्या हातात पिण्याच्या पाण्याचा पितळी गुंड, म्हणजे हंडा. तिने बादली भरली आणि पाइप खाली ठेवला. मी भिंतीवरून म्हटलं की वहिनी, गुंडही भरून घ्या, पाणी चाललंय अजून.

"नाई, म्याडम," ती म्हणाली. ताई म्हणणं तिने बंद केलं होतं. "तुमचं पाणी भांडे घासाले चालते. प्याले नाई चालत."

इतकी वर्षं ती माझ्या हातचा चहा प्यायली आहे. तेव्हा तिला त्या कराच्या भरण्याबद्दलच म्हणायचं असणार. की ते दुसरं, जे माझ्या आजोबांना गावाने वरून पाणी ओतताना ऐकवलं होतं, तेही कुठेतरी तिच्या तोंडाशी आलंच होतं? मी विचारलं नाही. ती बादली उचलून आत गेली.

पाइप मी अजूनही टाकते. ती बादली घेऊन येते. गुंड आता बरोबर आणत नाही.