डावखुरीचा उजवा खांदा

ही माझी धाकटी बहीण. आमच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते, तीही डाव्या हाताने. तिच्यासारखी कॉलर बसवणारा माणूस आणून दाखवा, दुकान त्याच्या नावावर करतो! शिकवली अर्थात मी. पण महिन्याभरात चेलीने गुरूला मागे टाकलं, हेही मीच सांगतो.

लग्नाला सात वर्षं झाली तरी तिच्या घरी पाळणा हलला नव्हता. नवरा ट्रकवर. फोनवर तो त्याबद्दल विचारायचा नाही आणि ही सांगायची नाही. त्या खेपेला मात्र पाळी चुकली, पट्टीवर दोन रेघा उमटल्या. तिने फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. हे त्याचं तोंड बघून सांगायचं होतं तिला. तो यायला चार दिवस होते. दिवस लवकर सरावा म्हणून चाळीस शर्टांच्या जागी ती साठ करायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून ओटीपोटात एका बाजूला कळा येत होत्या. थोडा लाल डागही दिसला. होतं एखादीला असं, म्हणून तिने मनाची समजूत घातली. दुपारी उजवा खांदा धरून ती टेबलाला टेकली.

"दादा, खांदा फार दुखतोय रे."

आमच्या धंद्यात खांदा दुखणं म्हणजे शिंक येण्यासारखं. मी लगेच फडकं तापवलं. "पंचवीस वर्षांचा अनुभव आहे माझा. दोन मिनिटांत उतरतं की नाही बघ."

"तुझा अनुभव घाल चुलीत! इस्त्री मी डाव्या हाताने करते. उजव्याने काय केलंय?"

फडकं माझ्या हातातच राहिलं. तिचं तोंड पांढरंफटक, कपाळावर गार घाम. दोन पावलं चालली आणि धुतलेल्या चादरींवर कोसळली. कपडे पोचवायच्या गाडीत घालून मी तिला दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भ पिशवीत नाही, नळीत राहिलाय. नळी फुटून पोटात रक्त साठतंय, खांदा त्यानेच दुखतोय. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन.

"मग तिथून काढून पिशवीत ठेवा ना," ती म्हणाली. "कितीही दुखू दे, मी सोसेन."

"तसं कुणालाच करता येत नाही गं."

"उद्या सकाळी नवरा येतोय माझा. तेवढं तरी थांबा."

"थांबले तर त्याला तूही भेटायची नाहीस."

तिने डाव्या हाताने सही केली. आत नेताना मला म्हणाली, "दादा, त्याला तू काही सांगायचं नाहीस. तुझ्या पोटात तीळ भिजत नाही, माहीत आहे मला. पण हे मीच सांगणार."

रक्त मी दिलं. एक बाटली घेतली त्यांनी, मी चार द्यायला तयार होतो.

ती दवाखान्यात आहे, एवढंच मी त्याला फोनवर कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, चुरगळलेल्या शर्टात, धापा टाकत. आधी माझ्याकडे बघितलं त्याने. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसलो.

"बस इथे," ती म्हणाली. "असा नाही. तोंड इकडे कर."

तो वळून बसला.

"मला दिवस गेले," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली.

त्याचा चेहरा असा काही फुलला, की मला बघवेना. ती मात्र बघत होती, डोळे भरून, पापणी न लववता. मग तिने त्याची कॉलर डाव्या हाताने सारखी केली आणि उरलेलं सांगितलं.